व्याधींची फडणिशी

मनुष्याला व्याधी जडली म्हणजे तिच्यावर उपाय करण्यासाठी वैद्य लागतो, शुश्रूषेसाठी घरची माणसे लागतात, आणि समाचाराला येऊन वैद्याच्या उपायाहून निराळा उपाय सुचविण्यासाठी शेजारी लागतात, एवढी त्रिविध व्यवस्था आपल्या पूर्वजांनी पुरेशी मानली होती; परंतु अमेरिकेसारख्या प्रगत राष्ट्रात या तिघांखेरीज एका चौथ्या माणसाची नितांत गरज भासू लागली असून, हा चौथा माणूस रोग्याच्या उशाशी नव्हे, तर त्याच्यापासून हजारो मैल दूर पुण्यात, हैदराबादेत किंवा चेन्नईत संगणकापुढे बसलेला असतो, हे वर्तमान माझ्या भाचीने बी. फार्म. झाल्यावर मेडिकल कोडिंगच्या क्लासात नाव घातले तेव्हा आमच्या घरी प्रथम पोहोचले.

वस्तुस्थिती अशी आहे की, अमेरिकेत वैद्याने रोग्याला तपासले, औषध लिहून दिले आणि रोगी घरी गेला, म्हणजे वैद्यकाचा भाग संपतो आणि दप्तराचा भाग सुरू होतो. वैद्याची फी बहुतांशी रोग्याच्या खिशातून येत नाही. ती विमा कंपनी देते, किंवा रोग्याने वयाची ६५ वर्षे ओलांडली असल्यास १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेली मेडिकेअर ही सरकारी योजना देते. आणि पैसे देणारा हा जो त्रयस्थ, त्याला गद्य वाचण्याचा सराव नाही. रोग्याच्या पोटात कालपासून कसेसेच होत आहे, या वाक्यातील करुणरसाशी त्याला कर्तव्य नसते. त्याला आकडे लागतात. काय झाले होते याचा एक आकडा, काय केले याचा दुसरा आकडा, आणि कुबड्या, रुग्णवाहिका वगैरे सामान लागले असल्यास त्याचा तिसरा. पहिल्याचे पुस्तक आयसीडी, दुसऱ्याचे सीपीटी, तिसऱ्याचे एचसीपीसीएस. यांपैकी सीपीटी हा ग्रंथ अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम काढला व आजतागायत त्याची मालकी सोडलेली नाही. वैद्याचे गद्य वाचून हे आकडे काढणारा तो कोडर, आणि त्या आकड्यांवरून बिल करून पैशांचा तगादा लावणारा तो बिलर. अमेरिकेत या विद्येची दोन वर्षांची पदवी कम्युनिटी कॉलेजांतून मिळते. आपल्याकडे प्राणिशास्त्र, फिजिओथेरपी, होमिओपथी, नर्सिंग अशा निरनिराळ्या वाटांनी पदवीधर झालेले तरुण-तरुणी काही महिन्यांच्या क्लासात तीच विद्या संपादन करतात, आणि परीक्षा मात्र सॉल्ट लेक सिटीच्या १९८८ साली स्थापन झालेल्या एएपीसी या संस्थेची देतात.

क्लासच्या पहिल्या दिवशी भाची जे सूत्र शिकून आली ते ऐकल्यावर या विद्येविषयीचा माझा परकेपणा एका क्षणात गळून पडला. सूत्र असे : जे कागदावर नाही ते झालेच नाही. शल्यविशारदाने चार तास खपून रोग्याचे आतडे शिवले असेल, रोगी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला असेल, त्याने पेढेही वाटले असतील; परंतु शल्यविशारदाने ते शिवल्याची नोंद केली नसेल, तर कोडरच्या दृष्टीने आतडे फाटलेलेच आहे आणि त्याचे शिवणावळीचे पैसे मिळणे नाही. हे ऐकून आमची सौभाग्यवती हसली. मी हसलो नाही. ज्या प्रांतात १८५२ च्या इनाम कमिशनने, पिढ्यान् पिढ्या वहिवाट असलेल्या पण सनद दाखवू न शकलेल्या कित्येक घराण्यांची इनामे खालसा केली, त्या प्रांताच्या माणसाला या सूत्रात नवल वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेल्या मोडी कागदांपुढे ज्यांच्या पूर्वजांनी दिवे जाळले, त्यांच्या नातवंडांनी ओहायोतील एखाद्या शेतकऱ्याच्या मूळव्याधीची बारनिशी ठेवावी, यात मला तर ईश्वरी योजनाच दिसते. फडणीस, चिटणीस, पोतनीस अशी आडनावे या क्लासाच्या हजेरीपटावर किती आहेत ते मी विचारले. परंतु या प्रश्नाचे गांभीर्य भाचीच्या लक्षात आले नाही.

तिचे पुस्तक मी हातात घेऊन पाहिले. वजन एखाद्या सोवळ्यातल्या पाटाएवढे; कडेला लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या चिकटविलेल्या, म्हणजे हाडे कोठे, हृदय कोठे, गर्भारपण कोठे हे बोटाला लागलीच कळावे; आणि समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा इतक्या बारीक की, छापील मजकूर त्यांच्यापुढे ठळक वाटावा. परीक्षेला हे पुस्तक, या पट्ट्या आणि या टिपा सगळे उघडपणे घेऊन बसता येते. आमच्या काळी परीक्षेच्या दालनात चिठ्ठी सापडली तर मुलाचे वर्ष जात असे आणि बापाची अब्रू. येथे सुटा कागद तेवढा आणायचा नाही, पुस्तकात रोजच्या कामाच्या ज्या टिपा लिहिल्या असतील त्या ग्राह्य. आणि एवढे असूनही चार तासांत शंभर प्रश्न सोडवून शेकडा ७० गुण मिळविणे पुष्कळांना जमत नाही, यावरून उत्तर समोर असणे आणि उत्तर सापडणे या दोहोंत केवढे अंतर आहे ते ध्यानात यावे. शिवाय आयसीडी दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि सीपीटी १ जानेवारीला बदलते, त्यामुळे थोरल्याची पुस्तके धाकट्याने वापरण्याचा मध्यमवर्गीय कुटुंबांतील पवित्र शिरस्ता या विद्येने एका फटक्यात मोडीत काढला आहे.

या ग्रंथाची पहिली प्रचीती घरातल्या घरातच आली. सौभाग्यवतीचे गुडघे दुखतात, ही गोष्ट आमच्या आळीत सर्वश्रुत आहे. भाचीने अभ्यास म्हणून तीच घेतली.

“मामी, कोणता गुडघा?”

“दोन्ही ग. डावा जरा जास्त.”

“जास्त-कमी नाही चालत. उजवा एम २५.५६१, डावा एम २५.५६२. दोन्ही लिहू का?”

“आणि जिना उतरताना कळ येते ती?”

“ती डॉक्टरांनी लिहिलीय का?”

मामींनी कपाळाला हात लावला. वास्तविक या प्रश्नोत्तरांत भाचीचे काहीच चुकले नव्हते. उजव्या-डाव्याचा हा कटाक्ष या शास्त्राचा प्राण आहे. आणि वैद्याने नुसते गुडघा दुखतो असे लिहून बाजू लिहिली नाही, तर त्याच्यासाठीही एम २५.५६९ असा एक आकडा राखून ठेवलेला आहे, ज्याचा अर्थ गुडघा आहे पण तो कोणत्या पायाचा याची दप्तराला कल्पना नाही असा होतो. हा बेवारशी गुडघा विमा कंपनीला मुळीच आवडत नाही.

अमेरिकेने २०१५ च्या १ ऑक्टोबरला आयसीडीची दहावी आवृत्ती रुग्णालयांच्या व्यवहारात आणली, तेव्हा रोगांचे आकडे सुमारे १४ हजारांवरून सुमारे ७० हजारांवर गेले. रोग एका रात्रीत पाचपट वाढले असे नव्हे. रोगांची चौकशी पाचपट वाढली. कोणता पाय, कितव्यांदा आला, कशाने झाले, कोठे झाले, त्या वेळी रोगी काय करीत होता, या सर्वांना आकडे मिळाले. जेट विमानाच्या इंजिनात ओढला गेलेला आणि नंतर फेरतपासणीस हजर झालेला इसम, हा या विद्येतला बुजुर्ग विनोद असून तो प्रत्येक क्लासात सांगितला जातो असे समजते. त्यामुळे मी त्याच्यावर थांबत नाही. मला स्वतःला जनावरांचे प्रकरण अधिक उद्बोधक वाटले. गाय चावली तर डब्ल्यू ५५.२१, गाईने धडक दिली तर डब्ल्यू ५५.२२, आणि वळूने काही केले तरी तो याच सदरात, गाईच्याच नावावर जमा. बदकाचा चावा आणि बदकाची धडक यांतही भेद केलेला आहे. सापांत नागाला त्याच्या दर्जाप्रमाणे स्वतंत्र आकडा आहे; परंतु ज्या मण्याराने, घोणसाने आणि फुरशाने कोकणातील पिढ्या भयभीत केल्या, त्या तिघांना 'आफ्रिका व आशियातील इतर साप' अशा एकाच गठ्ठ्यात कोंबले आहे. फुरशासारख्या स्वाभिमानी जनावराची ही उपेक्षा मला बरी वाटली नाही.

अपघात कोठे झाला याची यादी तर अमेरिकेच्या गृहरचनेचा मूर्तिमंत पंचनामा आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मोटार आत घेण्याचा रस्ता, बाग, पोहण्याचा तलाव. तुरुंग असला तर त्याचाही तलाव. ग्रंथालय, कोंबड्यांचे खुराडे, आणि ऑपेरागृह. ऑपेरा ऐकताना माणसाला इजा होण्याचा संभव अमेरिकन शास्त्रज्ञांनी ध्यानात घेतला, यावरून त्यांनी आमची रात्रभर चालणारी संगीत नाटके पाहिली असती तर त्यांना एक स्वतंत्र खंडच काढावा लागला असता. ओटी, पडवी, माजघर यांतील कोणतेही स्थळ या यादीत नाही. तेव्हा माजघराच्या उंबऱ्याला ठेच लागणाऱ्याने ती कोठे लागल्याचे सांगावे, हा प्रश्न अनिर्णीत राहतो. मात्र गृहजीवनाच्या एका अंगाची अमेरिकेने आपल्यासारखीच दखल घेतली आहे. सासरच्या माणसांशी न पटणे, झेड ६३.१. ज्या विषयावर आमच्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून हजारो ओव्या रचल्या, तो एक अक्षर आणि तीन आकडे यांत आटोपला आहे. आणि सासरे, दीर, जाऊ, नणंद यांच्यासाठी पोटकलमे नाहीत, हे पाहून सौभाग्यवतीने हा ग्रंथ पुरुषांनीच केला असावा असे अनुमान काढले. ते खोडून काढण्याचे साहस मी केले नाही.

या ग्रंथाचे कूळ शोधू लागलो तेव्हा मला आढळले की, व्याधींची यादी करण्याचा छंद जुना आहे. सतराव्या शतकात लंडन शहरात दर आठवड्याला मृत्युपत्रके छापली जात; मयताच्या घरी जाऊन मरणाचे कारण पाहून येण्याचे काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे असे, आणि त्या जे सांगतील ते छापले जाई. जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्याने १६६२ साली या पत्रकांची बेरीज केली, तीत दात, शोक, दचकणे आणि ग्रहांचा तडाखा ही मरणाची कारणे म्हणून आढळतात. ग्रहांचा तडाखा हे सदर पुढे का वगळले, याचा खुलासा होत नाही; आमच्याकडील ज्योतिषी ते पुन्हा घालण्यास आजही एका पायावर तयार होतील. त्यानंतर १८९३ साली झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मरणकारणांची जी यादी मांडली ती राष्ट्रांनी उचलली, आणि तिचीच वंशावळ १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना सांभाळीत आहे. या बर्तियाँचा सख्खा भाऊ आल्फोन्स पॅरिसच्या पोलीस खात्यात होता व गुन्हेगारांचे कान, डोके, बोटे मोजून त्यांची ओळख नोंदवून ठेवण्याची पद्धत त्याने बसविली होती. एका भावाने चोरांची खतावणी केली, दुसऱ्याने मृत्यूंची. त्या घरी मुलांच्या खेळण्यांचीही फेरिस्त ठेवली जात असावी असा माझा संशय आहे.

परंतु या विद्येचे खरे तेज नामावळीत नाही. ते नियमांत आहे, आणि ते नियम वाचताना मला एखाद्या कसलेल्या शिरस्तेदाराच्या सहवासाचा आनंद झाला. समजा, बाह्यरुग्ण विभागात वैद्याने 'बहुधा न्यूमोनिया' असे लिहिले. कोडरने न्यूमोनियाचा आकडा टाकायचा नाही; खोकला आर ०५.९ आणि ताप आर ५०.९ एवढेच लिहायचे, कारण संशय म्हणजे निदान नव्हे. तोच रोगी इस्पितळात दाखल झाला आणि घरी सोडताना वैद्याने तेच शब्द, 'बहुधा न्यूमोनिया', लिहिले, तर मात्र न्यूमोनिया झालाच होता असे धरून आकडा टाकायचा. बाकावर बसलेल्याच्या बाबतीत जो संशय असतो, तोच खाटेवर निजलेल्याच्या बाबतीत सिद्धान्त होतो. आमच्या न्यायालयांत संशयाचा फायदा आरोपीला देतात. येथे तो खाटेला देतात.

दुसरा नियम जुन्या आणि नव्या रोग्याचा. वैद्याने ज्याला गेल्या तीन वर्षांत तपासले तो जुना, त्याचे आकडे ९९२११ पासून पुढे. तीन वर्षे जो फिरकला नाही तो नवा, आणि नव्याची फी जास्त. म्हणजे वैद्याने ज्याच्या आजोबांना औषध दिले, ज्याच्या जन्माच्या वेळी तो हजर होता, ज्याच्या लग्नात तो जेवला, तो माणूस दुर्दैवाने तीन वर्षे निरोगी राहिला तर दप्तरी तो अनोळखी होतो. आपल्याकडे हातउसन्या पैशांचा दावा तीन वर्षांनी तमादी होतो, हे ठाऊक होते. ओळखही तितक्याच मुदतीत तमादीत जाते, हे अमेरिकेकडून शिकावे लागले. बिलालाही मुदत आहेच. मेडिकेअरचे बिल उपचाराच्या तारखेपासून वर्षाच्या आत गेले नाही, तर '२९' एवढाच शेरा मारलेला नकार परत येतो, आणि त्यापुढे सूट मागणाऱ्यास चूक सरकारी दप्तराचीच होती असे काहीतरी सिद्ध करावे लागते.

बारकाईचा कळस मला कानात सापडला. कानात घट्ट बसलेला मळ हत्याराने काढला तर ६९२१०. नुसत्या पाण्याच्या पिचकारीने काढला तर ६९२०९. मुंबईच्या चौपाटीवर डोक्याला लाल फेटा बांधून फिरणारे जे कानकोरणीधारी गृहस्थ असत, ते हत्यार वापरीत असल्यामुळे निर्विवादपणे वरच्या श्रेणीत बसतात, हे मी भाचीला सांगितले व तिने ते मान्य केले. पण पुढे गंमत आहे. सीपीटीच्या मते ६९२१० हा आकडा एका कानाचा. दोन्ही कान साफ केले तर ५० ची जोड लावावी. मेडिकेअरच्या मते मात्र कान एक असो वा दोन, पैसे एकदाच. अमेरिकेच्या वैद्यांची सर्वोच्च संस्था आणि अमेरिकेचे सरकार यांचे, मनुष्याला कान किती या विषयावर अद्याप एकमत झालेले नाही, आणि त्या तंट्याचा निकाल दररोज पुण्यातील एखाद्या मजल्यावर बसलेली बावीस वर्षांची मुलगी लावते.

त्या मजल्याचाही एक नियम सांगण्यासारखा आहे. रोग्यांची माहिती गुप्त राहावी म्हणून अशा कचेऱ्यांत कामाच्या जागी मोबाईल, कागद आणि पेन नेण्यास मनाई असते. भाचीच्या एका मैत्रिणीला नोकरी लागली, तिने हे येऊन सांगितले तेव्हा मी काही वेळ स्तब्ध होतो. बोरू कानाला लावल्याशिवाय ज्याचे चित्र पुरे होत नाही, त्या कारकुनाच्या हातून लेखणी काढून घेऊन त्याच्याकडून जगातील सर्वांत चिकित्सक कारकुनी करवून घ्यायची, ही युक्ती नाना फडणिसांनाही सुचली नव्हती.

बिलिंगचा भाग मी घाईने उरकतो, कारण तो मलाही घाईनेच समजला. रोगाचा आकडा आणि उपचाराचा आकडा यांची पत्रिका जुळावी लागते. गुडघेदुखीशी गुडघ्याच्या क्ष-किरणाचे गुण जुळतात, कानदुखीशी जुळत नाहीत, आणि न जुळल्यास '५०' म्हणजे उपचाराची गरजच नव्हती असा नकार येतो. एकच बिल दोनदा गेल्यास '१८', माहिती अपुरी असल्यास '१६', एका उपचाराच्या पोटात दुसरा आधीच धरला असल्यास '९७'. नकार देणाऱ्यालाही शब्द वापरण्याची परवानगी नसावी, ही समता मला आवडली. मग बिलर मंडळी रात्रीच्या पाळीत बसून, तेथे दिवस असल्यामुळे, विमा कंपन्यांना दूरध्वनी करतात आणि अत्यंत गोड आवाजात विचारतात की, आपण नामंजूर केलेल्या बिलाचे काय झाले. आपल्याकडे मेडिक्लेमचे पैसे मागताना माणूस चढ्या आवाजात बोलतो. हे मृदुत्व त्याने शिकण्यासारखे आहे, पैसे मिळोत वा न मिळोत.

यथाकाल भाचीने परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. प्रमाणपत्रावर 'सीपीसी' या पदवीपुढे एक आडवी रेघ आणि त्यापुढे 'ए' हे अक्षर होते. या 'ए'चा अर्थ शिकाऊ. दोन वर्षे प्रत्यक्ष काम केल्याची पत्रे धाडली म्हणजे तो गळतो. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. मामलेदार कचेरीत उमेदवार म्हणून वर्षानुवर्षे बिनपगारी बसून, शिरस्तेदाराची पाने लावून देत अक्षर घोटणारे लोक आमच्या घराण्यात होऊन गेले आहेत, आणि त्यांच्या मानाने पगारी उमेदवारी ही चैनच म्हटली पाहिजे. कोड लिहिण्याची नोकरी देणारे मात्र पुष्कळदा या 'ए'कडे पाहून अनुभव विचारतात, आणि अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही. हे कोडे कोणत्याच पुस्तकात सुटलेले नाही. इकडे स्थळे पाहण्याचे दिवस आले आहेत, आणि सौभाग्यवती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, 'ए' म्हणजे अव्वल, पहिला वर्ग, असे नि:शंकपणे सांगत असते. भाची शेजारी बसून चहाचे कप गोळा करते आणि काही बोलत नाही. मी एकदा तिला एकीकडे घेऊन विचारले की, हा चुकीचा शेरा दुरुस्त करावासा तुला वाटत नाही काय, तेव्हा ती म्हणाली, “मामा, मामीनं ते कुठं लिहून दिलंय?”